पाच रुपयाच्या पुडीऐवजी पोराला काय द्यावं?

कडकभाकरी

थेट प्रश्न. वर्ष-दीड वर्षाच्या पोराला आठ-दहा रुपयांत, गॅस न पेटवता आणि आईचं हातातलं काम न मोडता दुपारचं काय खायला घालता येईल?

विचारायचं कारण असं की आमच्या भागात (सोलापूर, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीच्या आसपास, एवढं पुरे) घरटी एक तरी बाई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू न् कापलेली पानं, बाजूला दोरा. पोर रडायला लागलं की थोरलीच्या हातावर पाचचं नाणं आणि ती टपरीवर. बिस्कीट आणलं तर चहात बुडवून, नाहीतर ते तिखट-मीठ लावलेलं फुसफुशीत काहीतरी. तेवढ्यानं पोराची भूक मरते आणि जेवायच्या वेळेला ते तोंड फिरवतं. बचत गटात विषय निघाला तर 'सकस आहार घ्या' या भिंतीवरच्या चित्रापलीकडं कुणाकडं सांगण्यासारखं काही नव्हतं.

'फळं, दूध, सुकामेवा द्या' हे उत्तर कृपया नको. डाळिंबाच्याच जिल्ह्यात राहतो, चांगलं डाळिंब कुठल्या गाडीत भरलं जातं ते रोज बघतो.

सातरस्ता

पहिला! वाचतोय. जाणकार येतीलच.

पुणेकर_नाइलाजाने

राग येईल, पण बोलतो. दिवसाला तीन-चार पुड्या म्हणजे पंधरा-वीस रुपये झाले. तेवढ्यात दोन अंडी येतात. म्हणजे पैसा आहे, इच्छा नाही. आपल्याकडे सगळ्याचं खापर गरिबीवर फोडून मोकळं व्हायची सवय आहे.

पूर्वभागकर

काय बोलालाव ओ पुणेकर. माझी आई जन्मभर विड्या वळली. हजार विड्यांना आठ-दहा तास जातात आणि मजुरी हजारावर. अर्धा तास उठली की पन्नास-साठ विड्या गेल्या. वर कंपनीच्या ब्रँचला विड्या द्यायला गेल्यावर छाट काढणार, म्हणजे खराब म्हणून काही विड्या बाद करणार, ते वेगळंच. तुमची दोन अंडी उकडायची, सोलायची, भरवायची कुणी? पुडी पोर स्वतः फोडून खातंय, म्हणून पुडी. यात इच्छा कुठं आली?

गड्ड्यावरचा

शेवटी 'बे' राहिलं. सोलापूरकर असल्याचा पुरावा द्या.

पूर्वभागकर

पुणेकर वयानं मोठे असतील म्हणून 'ओ'वर भागवलं बे.

बालडॉक

मी लहान मुलांचा डॉक्टर, सोलापुरातलाच.

सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको, हे आता बऱ्याच आयांना पाठ आहे. घोळ होतो तो पुढं. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंगावरचं दूध चालू ठेवून वरचं खाणं लागतं, आणि पोराचं पोट असतं मुठीएवढं. ते वरणाच्या पाण्यानं किंवा भाताच्या पेजेनं भरून टाकलं की पोट भरतं, अंगी काही लागत नाही. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतकं घट्ट हवं, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, आणि दिवसातून तीन-चार वेळा. 'काय द्यावं' हे सगळे विचारतात. किती घट्ट आणि किती वेळा, हे क्वचितच कुणी विचारतं, आणि माझ्याकडं येणारी बहुतेक पोरं तिथंच मार खाल्लेली असतात.

पुणेकर, तुमच्या मुद्द्यासाठी आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं रोड. रोडपणात देशाचा आकडा १९.३, म्हणजे तिथं आपण देशाच्याही मागं. सहा महिने ते पाच वर्षं वयातल्या ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी. आणि देशभर सहा ते तेवीस महिन्यांच्या पोरांपैकी पुरेसा आहार मिळणारी ११.३ टक्के. आता उरलेली सगळी घरं काही उपाशी नसतात. त्यात मोटारी असलेलीही आहेत, माझ्या दवाखान्याबाहेर लागतात.

चहा मात्र पोराला बंदच करा. त्यातल्या टॅनिनमुळं अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. त्यापेक्षा वरणावर लिंबू पिळा, लोह शोषलं जायला मदत होते.

मालदांडी

मंगळवेढ्याहून राम राम. आमच्या शाळूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे साल जगानं भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, मोठमोठ्या हॉटेलात ज्वारीचा डोसा सुरू झाला. आणि शहरातल्या विडी कामगाराच्या घरात भाकरी कमी होऊन भात वाढला. कारण साधं आहे, रेशनचा तांदूळ-गहू फुकट आणि शाळू विकत. त्यात भाकरी थापायला वेळ लागतो, भात कुकरला लावला की झाला. आम्ही पिकवणारे तरी कुणाला नावं ठेवणार, आमच्या घरची पोरंबी चपाती मागतात.

गड्ड्यावरचा

रेशनच्या तांदळात प्लॅस्टिक असतंय म्हणे. आमच्या गल्लीत बायका सुपात घेऊन पिवळट दाणे निवडून कोंबड्यांना टाकतात. पाण्यात टाकला की तरंगतो तो.

बालडॉक

प्लॅस्टिक नाही हो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकारात काढतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांत एक या हिशेबानं मिसळत आले आहेत. हलका म्हणून तरंगतो. म्हणजे ज्या एका दाण्यासाठी सगळा खटाटोप, तोच कोंबडीच्या पोटात.

सातरस्ता

सोलापूरच्या कोंबड्यांचं हिमोग्लोबिन तपासायला पाहिजे.

अंगणवाडीची_बाकी

सेविका आहे, नाव-गाव विचारू नका. सहा महिने ते तीन वर्षांच्या पोरांना आम्ही घरी न्यायचं पाकीट देतो आणि तीन ते सहाला केंद्रात गरम जेवण. पाकीट घरी जातं, पण ते सगळं घर मिळून खातं, नाहीतर चव आवडत नाही म्हणून पडून राहतं. खेड्यात म्हशीला घालतात हे तुम्ही ऐकलंच असेल. आता सरकारी ॲपमध्ये आईचा चेहरा जुळला नाही तर पाकीट द्यायचीही पंचाईत. बाई कामावर, पोराला घेऊन आजी आलेली. तिला काय सांगू, तुझा चेहरा चालत नाही?

एक साधी गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. सहा महिन्यांपुढच्या पोराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. साडेअकरा ते साडेबारा असेल तर आमच्याकडं या. त्यासाठीची रंगीत पट्टी आमच्याकडं असते. तेवढं मोजायला कुठलं ॲप लागत नाही.

शुद्धशाकाहारी

अंड्याचा विषय वर आला म्हणून. आमच्यासारख्या घरांत अंडं येत नाही, आणि शाळेत मुलांना ते खायला लावणं योग्य नाही.

पूर्वभागकर

लावलं कुणी? नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं तेव्हा न खाणाऱ्याला केळं होतंच. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधीच बंद केला. तुमचं अंडं वाचलं, आमच्या पोराचं गेलं.

सातरस्ता

धाग्याचा काश्मीर करू नका रे. अंड्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं फोडाफोडी करू.

निवांत_माणूस

सगळे खाण्यावर बोलताय, पाण्याचं काय? उजनीसारखं धरण जिल्ह्यात आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. तोवर बॅरलमध्ये साठवायचं आणि घरातल्या प्रत्येकानं तांब्या बुडवायचा. पोराला महिन्यातून दोनदा जुलाब लागले तर तूप घाला नाहीतर बदाम घाला, जाणार कुठं?

बालडॉक

लाखाची गोष्ट. सारखे जुलाब होत राहिले की आतड्याचं अस्तर खराब होतं आणि खाल्लेलं शोषलंच जात नाही. साठवणीला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, हात पाण्यात जाता कामा नये. बॅरल आठवड्यातून एकदा कोरडं करून घासा, म्हणजे डेंगीचा डासही होणार नाही.

जुलाब लागले तर पहिल्या तासापासून जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट करूनच घ्यायचा. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमात असंच पाणी कालवून नातेवाइकांकरवी पाजायला लावलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं. जोडीला चौदा दिवस झिंकची गोळी, सरकारी दवाखान्यात मिळते. आणि जुलाबात पोराचं खाणं बंद करू नका. 'पोटाला आराम' द्यायला जाऊन आपण त्याला उपाशी मारतो.

गोंगुरा

मी पद्मशाली घरातली, माहेर-सासर दोन्ही विडीत. एक गोष्ट कुणी बोललंच नाही. विड्या वळणाऱ्या बाईचे हात बघा. बोटांच्या पेरांत तंबाखू बसलेला असतो, वासानंच पोर तोंड फिरवतं. भरवायचं तर हात साबणानं घासून धुवायला हवेत, आणि पाणी मोजकं. मग घास भरवण्यापेक्षा पुडी बरी, पुडीला तिचा हात लागत नाही. आमच्या अत्या हे उघड बोलायच्या, 'माझ्या हाताचं नको, दुकानचं दे.' पुणेकर, तुम्ही त्याला इच्छा नसणं म्हणताय.

दुसरं मशेरी. भूक मारायला, जाग ठेवायला बायका दिवसातून चार-चार वेळा लावतात, पोटुशी असतानासुद्धा. त्याबद्दल डॉक्टरांनी लिहावं.

बालडॉक

गोंगुराताई, दंडवत. हाताचं हे मला इतकी वर्षं पेशंट बघून सुचलं नव्हतं.

मशेरीबद्दल मुंबईतला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणात मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी वजनाची निघाली. म्हणजे काही पोरांची पीछेहाट पहिल्या घासाच्या आधीच सुरू झालेली असते.

पुणेकर_नाइलाजाने

गोंगुराताईंचा मुद्दा पटला. मग चमच्यानं भरवायचं. चमच्याला कुठं तंबाखू लागतो?

गोंगुरा

चमचा चालेल. मात्र तो धुतलेला, झाकलेला आणि हाताशी हवा. आणि भरवणारा दुसरा कुणी असला तर सोन्याहून पिवळं.

बार्शीलाईट

निवृत्त शिक्षक आहे, लांबलचक लिहितो, सवय जात नाही.

१९९० च्या शेवटी व्हिएतनाममध्ये जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं कुपोषणावर काम करायला गेलं. सरकारनं मुदत दिली सहा महिन्यांची. एवढ्यात रस्ते, नळ, दवाखाने होणार नव्हते. त्यांनी गावातल्या बायकांनाच पोरांची वजनं करायला लावली आणि विचारलं, तुमच्यातल्या अगदी गरीब घरातलं एखादं पोर धडधाकट आहे का? निघाली तशी पोरं. मग त्या घरांत काय वेगळं चालतं ते बघितलं. भातखाचरातले इवलेसे खेकडे-झिंगे आणि रताळ्याचा पाला आया पोरांच्या भातात मिसळत होत्या. इतर घरांत ते 'पोराला चालत नाही' म्हणून घालत नसत. शिवाय या आया भरवण्याआधी पोराचे हात धूत होत्या आणि दिवसातून दोनदाऐवजी चार-पाचदा थोडं थोडं घालत होत्या. मग बाकीच्या आयांना एकत्र बसवून तेच रांधायला लावलं. भाषणं नाहीत.

एवढं लांब कशाला, जामखेड आमच्या बार्शीच्या शेजारचं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं ते गावातल्याच बायकांना शिकवून. कितीतरी जणी निरक्षर, दलित वस्तीतल्या. बाहेरून डॉक्टर येऊन सांगतो ते ऐकून सोडून देतात, शेजारीण करते ते उचलतात. १९७९ साली दोघांना मॅगसेसे मिळालं.

तेव्हा कडकभाकरीताई, आम्हाला विचारण्यापेक्षा अंगणवाडीच्या वहीतून धडधाकट पोरांची घरं काढा आणि तिथं जाऊन बसा.

गड्ड्यावरचा

सर, बार्शी लाईट रेल्वे पण एवढ्याच वेगानं जायची ना?

बार्शीलाईट

जायची, पण पोचायची.

प्रवासी_पक्षी

बांधकामाच्या नोकरीनिमित्त काही काळ मलावीत होतो. तिथं अतिकुपोषित पोरांना आईच्या हातून एक पाकीट चोखायला देताना बघितलं. भाजलेल्या शेंगदाण्याचा लगदा, त्यात दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. ९२ ग्रॅममध्ये ५०० कॅलरी. आंद्रे ब्रियां या फ्रेंच डॉक्टरनं हे नव्वदच्या दशकात काढलं. गंमत अशी की त्यात पाणी नसल्यामुळं जंतू सहज वाढत नाहीत आणि शिजवायचं काहीच नाही. मला तर सोलापूरची शेंगाचटणीच आठवली, फक्त लसूण नाही.

सातरस्ता

लसणाशिवाय शेंगाचटणी! फ्रेंचांना माफ करा. अवांतर: चटणी उखळातलीच खरी, मिक्सरची तेल सोडत नाही.

मालदांडी

आणि कडक भाकरीवर दही. बोला.

गड्ड्यावरचा

कडक भाकरी ज्वारीची की बाजरीची, हे एकदा ठरवूनच टाका.

बालडॉक

ठरवा, पण दुसऱ्या धाग्यावर. मलावीचं ते पाकीट औषध आहे, अतिकुपोषित पोरासाठी. घरच्या शेंगदाण्याच्या कुटानं त्याची जागा भरत नाही, तसं पोर दवाखान्यातच हवं. मात्र रोजच्या खाण्यात कूट उत्तम. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो डाळीनं भरून निघतो. दोन सावधगिऱ्या. अख्खा शेंगदाणा लहान पोराच्या हातात कधीच देऊ नका, श्वासनळीत अडकतो. आणि बुरशी लागलेला, काळपट, कडवट दाणा सरळ फेका, स्वस्तात मिळाला तरी.

कडकभाकरी

मंडळी, उशिरा येतेय. सरांनी सांगितलं तसं केलं. आमच्या सेविकाताईंनी वही बघून घरं सांगितली, गटातल्या आम्ही तिघी जाऊन आलो. सगळी विडीवालीच घरं, मजुरी तीच, खोली तेवढीच.

एका घरात बाई सूप मांडीवर घ्यायच्या आधी पोराला जेवू घालते, सकाळी साडेसातला. वरणात भाकरी कुस्करून, वर कच्च्या तेलाची धार. सासू म्हणते, 'आधी त्याचं, मग कंपनीचं.' दुसऱ्या घरात सुपाशेजारी स्टीलचा डबा. त्यात भाजलेल्या ज्वारीचं पीठ, फुटाण्याच्या डाळीचं पीठ, कूट आणि किसलेला गूळ. थोरली मुलगी वाटीत दोन चमचे घेते, उकळून गार केलेलं पाणी घालून कालवते आणि चमच्यानं भरवते. ही पोरगी शाळेत गेली की पंचाईत. तिसरीकडं शेजारची म्हातारी. नजर गेल्यामुळं तिचं विड्या वळणं सुटलंय. चार घरची पोरं तिच्याकडं, ती गोष्टी सांगत सगळ्यांना एका ताटातनं घालते. आया तिला आठवड्याला काहीतरी देतात. एकमेकांचं बघून पोरं जास्त खातात, हे तिचं म्हणणं.

डब्याचा हिशेब मांडला. चाळीस ग्रॅम ज्वारी, पंचवीस फुटाण्याची डाळ, वीस कूट, पंधरा गूळ. आमच्या दुकानच्या भावानं शंभर ग्रॅम नऊ रुपयांच्या आसपास पडतं. गोंगुराताई, चमचा झाकणाच्या आतच ठेवायचा असं ठरवलंय.

पुणेकर_नाइलाजाने

ताई, पहिल्या गिरणीचे पैसे माझ्याकडून. टोमणा नाही, मनापासून.

कडकभाकरी

दादा, गटात पैसे आहेत. तुम्ही त्या म्हातारीला महिन्याला काय द्यावं ते सुचवा. आमचं भांडण तिथंच अडलंय. पूर्वभागकर म्हणतील मजुरी द्या, आमच्या भागातल्या सेविकाताई म्हणतात मुलं पाठवायची तर अंगणवाडीत पाठवा.

अंगणवाडीची_बाकी

तीन वर्षांखालची पाठवू नका माझ्याकडं! मला दोनच हात आहेत. म्हातारीलाच पैसे द्या.

पूर्वभागकर

मजुरीच द्या. घरटी दिवसाला दहा धरले तरी चार घरचे चाळीस होतात. आईच्या पन्नास-साठ विड्या वाचतात, ते कुणी मोजायचं?

मालदांडी

कूट गिरणीत नेऊ नका, गिरणीवाला हाकलून देईल. तेलानं जातं धरतं. ज्वारी न् फुटाण्याची डाळ कोरडी दळून आणा, कूट घरी मिक्सरला.

बालडॉक

आणि एकदम महिन्याचं करू नका. सोलापूरचा एप्रिल आहे, कुटाला खवट वास येईल. आठवड्यापुरतं, घट्ट झाकणात. एका वेळी कालवलेलं लगेच संपवायचं, उरलं तर टाकायचं. वर्षाच्या आतल्या पोराला गूळ नकोच, नुसतं पीठ-कूट चालेल. कूट पहिल्यांदा देताना चिमूटभर देऊन बघा, अंगावर पुरळ उठलं तर थांबा.

सातरस्ता

हेच पुडीत भरून टपरीवर ठेवलं तर?

कडकभाकरी

टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणतो ठेवतो, पण चमकणारा कागद पाहिजे. विकायचं तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागेल, ते फॉर्म कुणी भरले असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तोवर डबेच. उद्या गिरणी बंद, परवा दळून आणते.